पारापाशीची घोडी

गावात वरातीची घोडी एकच, ती संघदीपची. बाबाराव पाटलांच्या पोराची वरात मारुतीच्या पारापाशी आली आणि घोडी थांबली. लगाम ओढला, पुठ्ठ्यावर थापा मारल्या, ती हलेना.

"काहून अडली रे?" पाटील खेकसले.

"नवरदेव उतरल्याशिवाय नाही चालत इथून."

शेवटी नवरदेव फेटा सावरत उतरला आणि पायी निघाला. घोडी मुकाट मागून चालू लागली.

"हे कोनं शिकवलं इले?"

संघदीपनं तिला गुळाचा खडा चारला.

"म्याच. रोज सकाळी इथं उतरून गूळ देत गेलो. जागा तुमीच दाखवली होती, पाटील. माह्या वरातीत मले इथंच उतरवलं, अन् म्हनलं, पायी चाल."