गंजलेली कडी

साहेबांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "करून टाका सही. जेवणाची वेळ झाली."

अख्खी छावणी तिला थोरली म्हणायची. वीस वर्षांची नोकरी, आणि जीभ अशी की भले भले जवान तिला पाहून वाट बदलायचे. चौकशी समितीवर एक तरी बाई हवी म्हणून तिनं तीन वर्षं वरच्यांचं डोकं खाल्लं होतं. शेवटी वैतागून त्यांनी तिलाच घेतलं. पहिलंच प्रकरण, आणि ते हे.

कागदावर लिहिलं होतं : मुलींच्या न्हाणीघराची कडी गंजून पडली. भांडार हवालदारानं ती काढली व तो आत शिरला, हा आरोप निराधार.

"गंजून?" थोरली म्हणाली. "गंज काय स्क्रूड्रायव्हर घेऊन आला होता? चारही भोकं बघा जाऊन. लख्ख आहेत."

कारकुनाला हसू फुटलं. साहेबांनी नुसतं पाहिलं, तसं त्यानं ते गिळलं.

"तुमची सही नसेल तर समिती मोडली," साहेब म्हणाले. "वर कळवावं लागेल, बाई घेतली की काम अडतं. पुन्हा कुणी घ्यायचं नाही. बघा बुवा."

"आणि केली तर?"

"उद्या नवी कडी. सुताराला आत्ताच सांगतो."

चौदा पोरी. महिनाभर एकीनं आत अंघोळ करायची नि दुसरीनं बाहेर दाराला पाठ लावून उभं राहायचं, असं चाललं होतं. थोरलीनं पेन उचललं. सही अशी उमटली की तिची तिलाच ओळखू येईना.

बाहेर बाकावर तक्रार करणारी पोर बसली होती, ट्रक चालवणारी, काटकुळी. ती ताडकन उठली. थोरली तिच्याकडे न बघता तरातरा न्हाणीघरात गेली आणि दार ओढून घेतलं. सवयीनं हात कडीकडे गेला. चार भोकं. तिनं नळ पूर्ण सोडला.

दार जरासं करकरलं. पलीकडून कुणीतरी पाठ टेकली होती.

"निवांत तोंड धुवा, ताई," त्या पोरीचा आवाज आला. "मी आहे ना दाराशी."