हेमलताबाईंचं नवं नाक

चिप बसवल्याच्या तिसऱ्या दिवशी हेमलताबाई घरभर हुंगत फिरत होत्या. अकरा वर्षांपूर्वी एका तापात त्यांना वास येणं बंद झालं होतं. आता नाकात तिळाएवढी चिप होती आणि तिच्यावरच्या, केसाहूनही हजारपट बारीक अशा अर्धवाहक तारा हवेतला रेणू न् रेणू टिपून मेंदूला कळवत होत्या. कात्रीलाही वास होता. भिंतीतल्या खिळ्यालासुद्धा!

पेपर वाचणाऱ्या नवऱ्याजवळ येताच त्या थबकल्या.

"नेलपॉलिश पुसायचं औषध सांडलंत का?"

"मी कशाला त्याला हात लावू?" दिनकरराव म्हणाले.

बाईंनी कपाट हुंगलं, मोरी हुंगली, त्यांचा शर्ट हुंगला. वास फक्त त्यांच्या श्वासाला होता.

"जरा फुंकर मारा बघू."

"अगं, माणसाला असं हुंगतात का!"

बाईंना राहवेना. त्यांनी चिप बसवणाऱ्या डॉक्टर तडवींना फोन लावला.

"तो अ‍ॅसिटोन आहे. साखर फार वाढली की श्वासात येतो," डॉक्टर म्हणाले. "इतका पुसट वास आम्हाला आलाही नसता. त्यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

दिनकररावांची साखर पाचशेच्या वर निघाली. आणखी दोन दिवस गेले असते, तर शुद्धच हरपली असती.

पाचव्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्यावर ते आपणहून बायकोजवळ सरकले.

"बघ गं, आता कसला वास येतोय?"

हेमलताबाईंनी डोळे मिटून श्वास घेतला. अ‍ॅसिटोनचा वास गेला होता. त्याच्या जागी जो होता, तो ओळखायला त्यांना अकरा वर्षं मागं जावं लागलं.

"तुमचा," त्या म्हणाल्या.