पिकल्या केसांची पाठवणी

"खाल्ल्या मिठाला जागली नाहीस, सुभद्रे!" तात्याशेठ गादीवरून गरजले. त्यांच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालता घालता केस पिकलेली सुभद्रा उद्यापासून समोरच्या नव्या दुकानात कामाला जाणार होती.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण जिभेची धार काही गेली नाही. "तात्या, पगार वाढवा म्हटलं की काय म्हणायचात? 'तू नोकर थोडीच, तू तर माझी लेक!' मग लेकीला काय जन्मभर माहेरीच ठेवतात? ओटी भरा आणि पाठवणी करा माझी."

गिऱ्हाइकं हसली. शेठाणी तर नारळ घेऊनच उठल्या. तात्यांनी रागारागानं सेलच्या ढिगातली एक साडी ओढली.

"लेकीला सेलची साडी?" सुभद्रेनं टोकलं.

तात्या थबकले. मग स्वतः शिडीवर चढले आणि वरच्या फळीवरची हिरवीगार इरकल घेऊन उतरले. ती तिच्या पदरात ठेवताना त्यांनी हळूच विचारलं,

"सासरची माणसं बरी आहेत ना गं?"

"तुम्हीच पारखा की," सुभद्रा डोळे पुसत म्हणाली. "दिवाळसणाला घेऊन येते सगळ्यांना. मानपान मात्र नीट करा हं, तात्या!"