थोरल्या भावाची शिफारस

पूर्ण भूल न देता, फक्त तेवढीच जागा बधिर करून हर्नियाचं ऑपरेशन करावं तर डॉक्टर घोलपांनीच, असं जुन्नरभर म्हणत. पेशंट जागा असायचा, म्हणून टाके घालताना ते त्याला बोलतं ठेवत.

"माझ्याकडं कुणी पाठवलं?" त्यांनी पारगावच्या गोरखला विचारलं.

"तुमच्या थोरल्या भावांनी. म्हणले, त्याच्याकडंच जा, लई हलका हात हाय त्याचा."

डॉक्टर सुखावले. "पण दादा तर लेकीकडं नाशिकला गेलाय. तुला कुठं भेटला?"

"पुण्यात, मोठ्या दवाखान्यात. माझ्या मेव्हण्याच्या शेजारच्याच खाटेवर व्हते. पूर्ण भूल देऊन हर्नियाचं आपरेशन झालं त्यांचं."

सुई क्षणभर थबकली.


मग डॉक्टरांनी नेहमीच्याच आवाजात विचारलं, "दुखत नाही ना?"