बारीक नळ्या

नळी तोंडात मावेना. सुरभीनं ओठ ताणून पाहिले, पण दोन वर्षांत चेहऱ्याची कातडी अशी आवळत आली होती की भाताचा घासही लहान करून घ्यावा लागे. फुफ्फुस तपासायच्या मशीनवर बसलेल्या मुलीनं शेवटी लेकरांसाठी ठेवलेली नळी काढली. मग फुंका, अजून फुंका, थांबू नका, अजून. सुरभीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तीनदा असं करून घेतल्यावर मुलीनं कागद पाहिला आणि आकडे नॉर्मल आहेत म्हणाली.

दारात उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्यानं, घनश्यामनं, तो शब्द वरच्या वर झेलला. केळापूरकडच्या गावाहून यवतमाळच्या या दवाखान्यात येण्याची ही त्यांची चौथी खेप. गारठ्यात बोटं निळी पडतात, कातडी कडक होते, हे लोकांना दिसत तरी होतं. पण दम लागतो हे कोणाला दिसणार? सासू मैनाबाई म्हणे, कापूस वेचणीचं नाव काढलं की हिचा दम सुरू होते. घनश्याम त्यावर आईला कधी बोलला नाही आणि बायकोलाही नाही. मधल्या मध्ये नुसता वाळत चालला होता.

त्यानं तिथूनच आईला फोन लावला. फुफ्फुस चांगलं आहे, सगळं नॉर्मल आहे, हे दोनदा सांगितलं. मग चहा घेऊन येतो म्हणून हसत जिना उतरून गेला. त्याला असं हसताना तिनं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

तो खाली असतानाच डॉक्टर मॅडमनी तिला आत बोलावलं. फुंकल्याचा कागद पाहून त्यांनी बाजूला ठेवला आणि सीटी स्कॅनचा फोटो उजेडावर लावला. श्वास सोडल्यानंतर काढलेला फोटो होता तो. तरी फुफ्फुसात जागोजागी हवा अडकून होती. मोठ्या नळ्या मोकळ्या आहेत, म्हणून आकडे चांगले आले, त्यांनी समजावलं. टोकाच्या, केसासारख्या बारीक नळ्या मात्र मिटत चालल्यात. तुमचा आजार जसा कातडीत आहे, तसाच आतही आहे.

"मंग मी नाटक नव्हती करत," सुरभी म्हणाली.

"नाही. तुम्ही सांगत होतात ते खरंच होतं."

तिला एकदम बरं वाटलं. आणि आपल्याला बरं वाटलं, याचीच मग तिला भीती वाटली.

घनश्याम दोन कप सांभाळत वर आला, तेव्हा ती बाहेर बाकावर बसली होती. मॅडम काय म्हणाल्या, त्यानं विचारलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून उतरलं नव्हतं. काही नाही म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं.

"आपल्या ठिबकचं झालतं ना मागच्या साली," ती म्हणाली. "मेन पाइप भरून वाहे, अन् ओळीच्या टोकाची झाडं वाळून गेली. तसं हाय म्हणते."

त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. हातातले कप त्यानं हळूच बाकावर ठेवले. मग म्हणाला, "ॲसिड सोडलं तं खुलल्या होत्या त्या नळ्या."

"ह्या नाही खुलत. ज्या मिटल्या त्या मिटल्या. बाकीच्या जपा म्हणते."

फोन वाजला. मैनाबाईच होती. उद्या वेचणीला बाया कमी पडताहेत, तेव्हा कुठं न थांबता दोघंही लवकर या, असं ती सांगत होती. घनश्यामनं सगळं ऐकून घेतलं.

"तिले नाही जमत, माय," तो म्हणाला. पलीकडून काहीतरी मोठ्यानं विचारलेलं सुरभीलाही ऐकू आलं. "उद्या नाही अन् परवाही नाही," एवढं बोलून त्यानं फोन खिशात टाकला.

बसस्टँडवर गावाकडं जाणारी पांढरकवड्याची गाडी लागली होती. एरवी तो पुढं पळत जाऊन खिडकीतून रुमाल टाकायचा. आज सुरभीनंच त्याला पुढं व्हायला सांगितलं, पण तो तिच्यासोबतच चालत राहिला. दहा पावलं झाली की ती थांबे. तोही थांबे. त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी भरली, वळली आणि निघून गेली.

ती खांबाला टेकून उभी राहिली. छाती वर येई, आणि वरच राही. इतक्या जवळून तो हे पहिल्यांदाच पाहत होता.

"पुरा सोड ना श्वास," तो म्हणाला.

"सोडूनच राह्यली," ती म्हणाली.