दोन खोल्या, तीन डबे

“रेंज गेली का परत?” काकासाहेबांनी आतल्या खोलीतून विचारलं.

“गेली,” श्रेया बैठकीतून म्हणाली. तिच्या मोबाईलवर देवेशचा चेहरा थिजला होता, एक डोळा मिटलेला, एक उघडा.

साडेतीन वाजले होते. फर्दापूरचा व्हिडिओ कॉल पाचला यायचा होता, आणि सिडकोतल्या या दोन खोल्या-स्वयंपाकघरात वायफायचा पायगुण काही ठीक दिसत नव्हता.

गेल्या रविवारी त्यानंच घात केला होता. नमस्कार-चमत्कार झाले, देवेशच्या आईनं, लीलाबाईंनी, बोलायला तोंड उघडलं आणि कॉल तुटला. असं तीनदा. या मंडळींना बोलायचंच नाही, असा लीलाबाईंनी सरळ अर्थ काढला. देवेशनं कशीबशी समजूत घातली. “पण आई म्हणते, आता एकदाच,” त्यानं श्रेयाला बजावलं होतं. लीलाबाई फर्दापुरात खानावळ चालवत. लेणी बघायला येणाऱ्यांचा सीझन सोडून त्यांना निघता येत नव्हतं, आणि काही ठरायच्या आत पाहुणे दारात दिसले की गावाला बोलायला तेवढंच पुरतं. म्हणून आधी फोनवर बघायचं ठरलं.

श्रेयाला हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. जूनमध्ये ती नोकरीसाठी बेंगळुरूला जाणार होती. त्याआधी हे मार्गी लागलं असतं तर तिच्या जिवाचा घोर गेला असता. विवाह मंडळाच्या ग्रुपवर देवेशची ओळख झाली, त्याला महिना झाला होता. रोज बोलणं व्हायचं. त्या दोघांचं एकमत कधीच झालं होतं. आता अडलं होतं ते मोठ्या माणसांपाशी.

ती कामाला लागली. दुकानदारानं तीन पांढरे डबे गळ्यात मारले होते. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला नेट द्यायचं आणि घरभर पोचवायचं, असं त्यानं समजावलं होतं. बैठकीतला डबा त्यातल्या त्यात बरा चालायचा. पण बैठकीच्या दाराला शेजाऱ्यांचे कान लागलेले, म्हणून कॉल आतल्या खोलीतच घ्यायला हवा होता.

“बाबा, आतला डबा कुठाय?”

“कपाटात.”

“लोखंडी कपाटात?”

“धूळ लई येते गं. महागाची वस्तू. वरून पिशवी बी घातलीय.”

श्रेयानं कपाळावर हात मारला आणि मग तिला हसूच आलं. डबा स्वेटर आणि जुन्या पासबुकांच्या मध्ये पिशवी पांघरून बसला होता. तिनं तो बाहेर काढला, दारापाशी स्टुलावर ठेवला. बैठकीतला डबा तिथून सरळ दिसत होता.

“रेंजच्या किती दांड्या?” तिनं विचारलं.

“दोनच,” काकासाहेब मोबाईल डोक्यावर धरून म्हणाले. “नाय जमलं तर नाय, श्रेया. कशाला एवढा आटापिटा?”

“असं तोंडातून काढू नका!” ती एकदम चिडली. चिडल्याचं तिला लगेच वाईट वाटलं, पण तिनं माघार घेतली नाही.

मग तिच्या लक्षात आलं. फ्रिजमागं टेकलेला स्वयंपाकघरातला डबा स्वतःच अर्धमेला होता, आणि मोबाईल त्यालाच चिकटून बसत होता. एवढ्याशा घरात तीन डबे म्हणजे गर्दीच. ती फ्रिजमागं शिरली, त्याची पिन उपटली, मग आधी बैठकीतला आणि नंतर स्टुलावरचा असे दोन्ही डबे बंद करून पुन्हा चालू केले. स्टुलावरच्या डब्याचा दिवा लाल होता तो पांढरा झाला.

“साडेचार झाले. आवर की आता,” काकासाहेब म्हणाले.

“आवरते. तुम्ही आधी शर्टाची बटणं नीट लावा.”

त्यांनी दोनदा शर्ट बदलला होता आणि दुसऱ्या वेळी एक बटण चुकलं होतं.

पाचला दहा कमी असताना तिनं देवेशला लावून पाहिलं. लख्ख.

“आता लई भारी दिसतंय,” देवेश म्हणाला. “तुझ्या केसातली जळमटं बी दिसायलीत.”

तिनं हातानंच केस झटकले. कपडे बदलायला वेळ उरलाच नाही. पाच वाजले, आणि मोबाईल वाजला.

“आई, पुढं सरक,” देवेश पलीकडून म्हणाला. लीलाबाई पदर सारखा करत समोर आल्या. त्यांनी आधी श्रेयाला नीट न्याहाळलं.

“पोर गुणाची हाय,” त्या म्हणाल्या.

श्रेयाचा जीव भांड्यात पडला. काकासाहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. दोन मिनिटं झाली, तीन झाली. चित्र हललं नाही, आवाज तुटला नाही.

“आता मनातलं विचारते, राग मानू नका,” लीलाबाई म्हणाल्या. “दिवसभर मी शंभर माणसाला वाढते, काकासाहेब. आपलं लग्न झाल्यावर रोज संध्याकाळी मला एक ताट तुम्ही वाढाल ना?”