झेंडूचं एक फूल

"मोनाचं बघून शिक जरा," ऋताची वेणी घालताना क्रांती म्हणाली. हे रोजचंच होतं. चार वर्षांची ऋता मन लावून ऐकायची.

गडमुडशिंगीच्या बालवाडीत जाऊन सहा महिने झाले, तरी ऋताला एक मैत्रीण नव्हती. आणि तिच्याच वर्गातली कालिंदीची मोना! बाईंनी पालकसभेत सगळ्यांसमोर सांगितलं, "मोना वाटल्याशिवाय खात नाही. मुलं तिला सोडतच नाहीत." कालिंदी नुसती हसली. क्रांतीच्या पोटात दुखलं.

आपण काय कमी केलं होतं? आजऱ्याच्या माहेरचे काजू, त्यांचे लाडू. वडिलांचं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात पहिल्या दिवसापासून रोज आठ. सभेनंतर तिने बारा केले. डबा रिकामा यायचा.

"लाडू वाटलेस?"

ऋता मान डोलवायची.

"मग पोरं बोलत्यात का तुझ्याशी?"

ऋता नख खायची. लाडू आमचे खायचे आणि गुण मोनाचे गायचे, हा कुठला न्याय, असं क्रांती रात्री नवऱ्याला ऐकवायची. त्या एवढ्याशा मोनाचा तिला राग येई. लाजही वाटे, पण रागच जास्त.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी बाईंनी पालकांसमोर प्रत्येक मुलाला झेंडूचं एक फूल दिलं. ज्याने त्याने ते आपल्या आवडत्या दोस्ताला द्यायचं. ऋताला एक तरी मिळू दे, म्हणून क्रांतीने सकाळीच अंबाबाईला हात जोडले होते.

मोनाचा फ्रॉक फुलांनी भरला. ऋताच्या हातात एकही नाही. वर ही घरभेदी पोर उठली आणि आपलं फूलही मोनालाच देऊन आली.

क्रांती निघायला उठली, तेवढ्यात मोनाच डबा घेऊन समोर आली.

"काकू, एक घ्या की."

कालिंदी असं काय करून घालते ते बघावं, म्हणून क्रांती वाकली. डब्यात काजूचे लाडू होते. बाजूला धरलेल्या झाकणावर कोरलेलं होतं, 'आकाराम, आजरा'.

ऋताने आईचा पदर ओढला.

"मोनालाच चांगलं वाटता येतंय, तूच म्हणतीस की. म्हणून मी रोज तिलाच देते."